कमानीवरची काच

नवा जिल्हा झाला तेव्हा लातुरात दोनच विषय होते: पाणी कधी येणार आणि कलेक्टर कचेरी कुठं होणार. दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. भर चौकातली निजामाच्या काळातली कचेरी पाडून तिथंच नवी इमारत उठवायची, असं वरच्यांच्या मनात होतं. पाडायला कारण हवं होतं. ते शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी नवाकोरा ज्युनिअर इंजिनिअर, नोकरीत कायम व्हायला तीन महिने उरलेले.

दगडी कमानीच्या माथ्यापासून खालपर्यंत बोट जाईल एवढी भेग उतरली होती. तशीच एक मागच्या कुंपणभिंतीतही होती. कमानीच्या भेगेवर मी काचेची पट्टी आडवी बसवली. भेग वाढली की काच फुटते. पंधरा दिवस बघायचं आणि अहवाल द्यायचा. रोज सकाळी चौकात शिरलो की आधी काचेकडं बघायचो. चहावाला विचारायचा, "साहेब, फुटली का न्हाई अजून?"

अकराव्या दिवशी फुटली.

त्या दुपारी माय डबा घेऊन आली. कमान बांधली तेव्हा ती पोरसवदा होती, चुना मळायच्या घाणीवर राबायची. बांधून झाल्यावर मात्र आमच्या माणसांनी पायरीखालीच थांबायचं. त्या दिवशी ती पायरी चढून आत आली आणि तिनं भेगेत बोट घालून बघितलं.

"चुना लई घट हाय लेका. खालची काळी माती वाळून आकसलीय. रानात न्हाईत का भेगा पडल्या? पाऊस पडस्तोर थांब, जुळंल ही."

मला ते पटलं. हे लिहिताना आजही लाज वाटते. पण साहेबांना काय सांगणार, माय म्हणते म्हणून थांबा? मी 'इमारत धोकादायक' लिहिलं आणि सही ठोकली. मायला म्हणालो, "काच खोटं बोलत न्हाई." काच खरं बोलली होती, मी अर्धंच लिहिलं.

चार दिवसांत पडेल असं म्हटलेली कचेरी महिना झाला तरी पडेना. पहारी बोथट झाल्या. मुकादम हसायचा, "साहेब, ह्या इमारतीला न्हाई, आमालाच धोका दिसतूय." माझा जीव टांगणीला. एवढी झुंजणारी भिंत धोकादायक कशी, असं कुणीतरी विचारेल. कुणीच विचारलं नाही. कमान पडली आणि पुढच्या आठवड्यात माझी कायमची ऑर्डर आली.

मग पाऊस झाला, चांगला झाला. कचेरीची फक्त ती कुंपणभिंत उरली होती. एका सकाळी मीच मायला तिथं घेऊन गेलो. ती भेगेपाशी वाकली. आता बोट जाईना. तिनं पदराची पिन काढून टोक घालून पाहिलं, तेही शिरेना.

तिनं पिन परत पदराला लावली.

"जा," ती म्हणाली, "हापिसाला उशीर होईल."