टाळ कमी झालाय

कुठल्याच आवाजावर चटकन विश्वास न ठेवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि नेमका तो माझा थोरला साडू निघाला. लोकांचे साडू शेतीच्या, राजकारणाच्या, फार तर गुडघ्यांच्या गोष्टी सांगतात. आमचे साडू घरात पाऊल टाकल्याबरोबर पंखा बंद करायला लावतात, मान वाकडी करून दोन मिनिटं उभे राहतात आणि म्हणतात, "तुमच्या फ्रीजमदी घरघर हाय, पाव्हणं. तुमाला सवय झालीया म्हून कळंना." त्यानंतर आठवडाभर मला त्या घरघरीपुढं जेवण गोड लागत नाही. मुळात मी भित्रा माणूस. मला काळजी करायला फारसं निमित्त लागत नाही, पण साडू ते दर रविवारी घरपोच आणून देतात.

साडू मोजणी खात्यात होते. भोर आणि वेल्ह्याच्या डोंगरउतारांवरची भातखाचरं साखळी टाकून मोजण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. नुसतं डोळ्यांनी बघून कुणी काही सांगितलं की ते "व्हय का?" म्हणतात आणि खिशातून टेप काढतात. माझ्या लग्नात मांडव एका अंगाला झुकलाय असं वाटून त्यांनी मुहूर्ताच्या अगोदर चारही खांब मोजले होते. एक खांब खरंच चार बोटं आखूड निघाला. मग भटजींपासून आचाऱ्यापर्यंत सगळे त्या खांबाकडे बघत राहिले, आणि अंतरपाट दूर झाला तेव्हा नवरीऐवजी मीही त्याच्याकडेच बघत होतो. मांडव पडला नाही. पण साडूंनी एकदा काळजी लावली की ती सहजासहजी जात नाही.

निवृत्तीनंतर ते भोरमध्येच राहिले. त्यांच्या घरात कॉम्प्युटर आला तो एका कॅसेटपायी. मार्गासनी हे साडूंचं मूळ गाव. तिथल्या देवळात त्यांच्या तरुणपणी एक भजनी मंडळ होतं. गाणारे एक बुवा होते आणि त्यांच्या उजव्या हाताला साडू टाळ घेऊन बसायचे. एका एकादशीला कुणीतरी मुंबईहून आणलेला टेपरेकॉर्डर मध्ये ठेवून पुरं भजन टिपून घेतलं. बुवांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांचा आवाज उरला तो तेवढ्या एका कॅसेटवर, आणि ती कॅसेट साडूंच्या ट्रंकेत. गेल्या वर्षी बुवांच्या पत्नी, ज्यांना सगळं गाव माई म्हणतं, साडूंना म्हणाल्या, "बाबा, माजं आता काय खरं न्हाई. येकदा त्यांचा आवाज कानावर पडू दे." साडूंनी तिथल्या तिथं शब्द दिला की येत्या पुण्यतिथीला देवळात, सगळ्या गावासमोर ऐकवीन, आणि असं ऐकवीन की बुवा समोर बसलेत असं वाटलं पाहिजे. त्या दिवसापासून त्यांचं आणि आमचं सुख संपलं.

त्या भजनात एक जागा आहे. दुसरं कडवं संपता संपता साडूंच्या बोटातून टाळाची दोरी निसटली होती आणि दोन ठोके गळाले होते. एवढ्या वर्षांत हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मला त्यांनी ते दार लावून घेऊन सांगितलं, आणि सांगून झाल्यावर पाणी प्यायले.

शिवऱ्याला हायवेलगत रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा एक गृहस्थ आहे. त्याच्याकडून साडूंनी कॅसेट कॉम्प्युटरवर चढवून आणली. पहिल्यांदा लावली तेव्हा डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाले, "बुवा हायेत, पखवाज हाय. टाळ कमी झालाय." दुरुस्तीवाल्याचं म्हणणं पडलं की कॉम्प्युटरच्या पोटातूनच आवाज घेतला तर आतली खरखर त्यात मिसळते, बाहेरून एक डबी जोडा, ती आवाज साफ करून स्पीकरला देते. डबी आली. खरखर खरोखरच गेली, मलासुद्धा फरक कळला. साडू म्हणाले, "साफ झालं. पर टाळ न्हाई." मग कळलं की आवाज दाबून फाईल लहान केली की त्यातलं बारीक काम गळतं. म्हणून कॅसेट पुन्हा शिवऱ्याला गेली आणि न दाबता चढवून आली. मग दोन स्पीकर आणि ऐकणाऱ्याची खुर्ची यांच्यात तिन्ही बाजू सारख्या हव्यात, हे कळलं, आणि साडूंना जणू नोकरीत परत बोलावलं. टेप निघाली, फरशीवर खडूच्या रेघा पडल्या, आणि अक्का, म्हणजे साडूंची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, झाडू मारताना त्या रेघांना वळसा घालून जाऊ लागल्या.

त्यातच स्पीकरमधून एक गुणगुण येत होती. अर्थिंग नीट नाही, असं निदान झालं. साडूंनी परसात कंबरभर खड्डा खणून त्यात मीठ आणि कोळसा भरला, पट्टी पुरली, आणि खड्डा ओला राहावा म्हणून रोज सकाळी आंघोळ झाली की त्यात तांब्याभर पाणी घालायला लागले. आधी अर्थिंगला, मग तुळशीला. यावरून अक्कांनी चार दिवस अबोला धरला. उघड्या भिंतींवरून आवाज उलटून येतो म्हणून वरच्या धनगरवाड्यावरच्या ओळखीच्या मेंढपाळाकडून सहा घोंगड्या आणून भिंतींना टांगल्या. हवा दमट असली की त्या खोलीत मेंढरं बसून गेल्याचा वास येतो आणि तिथं बसून प्यायलेल्या चहालाही तो लागतो. ऐकताना फ्रीज बंद, पंखा बंद, अक्कांचा मिक्सर बंद. गुणगुण गेली, घुमणं गेलं. आणि एवढं सगळं करून साडू घाबऱ्या चेहऱ्यानं म्हणाले, "पाव्हणं, टाळ आजून कमी झालाय. झिजत चाललाय बगा." मी म्हटलं, दादा, कॉम्प्युटरवरची वस्तू कितीही वाजवली तरी झिजत नाही. "बांधबी दिसायला तितंच असतोय," ते म्हणाले, "आन दर साली वीतभर सरकतो."

पुण्यतिथी तीन आठवड्यांवर आली तेव्हा त्यांनी मला खडूच्या खुणेवरच्या खुर्चीत बसवलं आणि भजन लावलं. मला काय ऐकू आलं ते सांगणं आजही जिवावर येतं. टाळ होता. खरं म्हणजे टाळाशिवाय दुसरं काही नव्हतं. टाळासारखे टिपेचे आवाज वाढवायची कॉम्प्युटरच्या पडद्यावरची खूण साडूंनी शेवटच्या टोकाला नेऊन ठेवली होती आणि कुणी पत्र्यावरून खिळा ओढावा तसं माझ्या कानात होत होतं. बुवा त्याच्यामागं कुठंतरी गात होते. साडू मात्र मान पुढं करून मलाच विचारत होते, "येतोय का वाईच?" मी दाराकडे बघितलं. अक्का उभ्या होत्या आणि त्यांच्या दोन्ही कानांत कापूस होता. त्यांनी आपल्या कानाला बोट लावलं आणि मग ते बोट साडूंकडे केलं.

स्वयंपाकघरात अक्का हळू आवाजात म्हणाल्या, "तुमीच सांगा त्यांना. म्या बोलले की भांडान व्हतं. गावाम्होरं असं वाजवलं तर लोकं हसतील, आन ती माई बिचारी काय ऐकंल?" मी हो म्हटलं. हो म्हणण्यात मी कधीच मागं नसतो. आधी वाटलं, शिवऱ्याच्या माणसानं सांगितलं तर ते मानतील. म्हणून त्याच्याकडे गेलो. त्यानं चहा पाजला आणि म्हणाला, "मशीन झ्याक हाय, सायेब. आता मशीन हितं आणू नका, डागदरला माणूस दाकवा. पर म्या न्हाई सांगायचा. माजं जुनं गिऱ्हाईक हाय."

मग मी स्वतः तीनदा गेलो. पहिल्यांदा मी विषय काढण्याआधीच साडूंनी माझ्या स्कूटरचं इंजिन धडधडतंय हे दाखवून दिलं आणि बोलणं तिकडं गेलं. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा आत अक्कांचा कुकर शिट्ट्या देत होता आणि साडू परसात तुळशीपाशी लाकडी खुंटी ठोकत होते. एक खुंटी फाटकाजवळ होती, एक मध्ये लिंबाच्या झाडाखाली. कशाच्या म्हणून विचारलं तर म्हणाले, "काय न्हाई. जरा मोजतोय." आता हे स्पीकर परसात मांडणार या भीतीनं मी आलो तसाच परतलो. कुकर लावला की हल्ली ते बाहेर पळतात, अक्का म्हणाल्या, ताटं घ्यायला लागू नयेत म्हणून. तिसऱ्यांदा मी फाटकापर्यंत गेलो आणि फाटकावरूनच घरी आलो.

पुण्यतिथीच्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर, डबी, स्पीकर आणि सहाही घोंगड्या टेम्पोत घालून आम्ही मार्गासनीला निघालो. वाटेत मी मनात वाक्यं जुळवत होतो आणि प्रत्येक वळणावर ती मोडत होतो. देवळात घोंगड्या टांगून झाल्या, टेपनं अंतर मोजून झालं, खडूनं खूण झाली. माणसं जमली. माई दोघींच्या आधारानं येऊन पुढच्या सतरंजीवर बसल्या. आता सांगितलं नाही तर माईंच्या कानात तो खिळा जाणार, म्हणून मी साडूंना खांबाआड घेतलं. "दादा," मी म्हटलं, "एक बोलायचं होतं. तो टाळ..." आणि मी खांबाचा रंग नखानं खरवडू लागलो.

साडूंनी टेप गुंडाळून खिशात घातली. मग कचेरीत बोलायचे त्या आवाजात म्हणाले, "मोजणी चुकतीया आसं वाटलं की आदी साखळी तपासायची आसती, पाव्हणं. जमिनीबद्दल मागनं बोलायचं. म्या डबी तपासली, तारा तपासल्या, मीठ-कोळसा घातला, भिंती झाकल्या. साखळी बरूबर निगाली. मंग जमीनच घटली म्हनायची." मग ते एकेक बोट मोजू लागले. "कुकरची शिट्टी मला पयल्यांदा फाटकापतूर ऐकू यायची. मंग लिंबापतूर. परवा तुळशीपाशी खुंटी ठोकली." मग बायकांत बसलेल्या अक्कांकडे बघून ते म्हणाले, "हिला सांगू नगा. उगं काळजी करंल."

मी मान हलवली. अक्कांच्या कानातल्या कापसाबद्दल मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. साडूंनी माझा दंड धरून मला खडूच्या खुणेवरच्या खुर्चीत बसवलं. "येकट्याला साखळी टाकता येत न्हाई. दुसरं टोक कुनीतरी धरावं लागतं. टाळ जादा झाला तर हात खाली करा, कमी वाटला तर वर." त्यांनी भजन लावलं. टाळ किंचाळला, माईंनी दचकून कानावर हात नेला, आणि मी हात खाली केला. अजून खाली. अजून. साडू माझ्या हातावरची नजर न काढता पडद्यावरची खूण मागं मागं आणत होते. पखवाज भरला, बुवांचा गळा पुढं आला, आणि टाळ बुवांच्या उजव्या हाताला, जिथं तो तेव्हा बसला होता, तिथं येऊन बसला. मी हात थांबवला.

"त्येच हायेत," माई म्हणाल्या. कुणाला उद्देशून नाही, आपल्याशीच. बायकांमध्ये बसलेल्या अक्कांनी हळूच कानातला कापूस काढला. साडू कॉम्प्युटरपाशी मांडी घालून बसले होते. त्यांना बुवा ऐकू येत होते, पखवाज येत होता, टाळ येत नव्हता. तरीही त्यांच्या उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर पडत होती आणि प्रत्येक वेळी नेमकी टाळाबरोबर पडत होती. दुसरं कडवं संपत आलं. टाळाचे दोन ठोके गळाले, आणि तेवढाच वेळ साडूंची बोटं गुडघ्याच्या वर थांबून राहिली. मग टाळ आणि बोटं बरोबरच पुन्हा सुरू झाली. त्या माणसाबद्दल मला इतकी माया याआधी कधी वाटली नव्हती.

परतताना टेम्पोत साडू घोंगड्यांच्या गठ्ठ्यावर बसले होते. भोर जवळ आल्यावर त्यांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, "ते दोन ठोके कुनाला कळलं का वो?"

"कुणालाच नाही, दादा," मी म्हटलं. मग इंजिनाच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं की नाही अशी काळजी वाटली, म्हणून जरा मोठ्यानं पुन्हा एकदा म्हटलं.