पिकअपचा आवाज

आमच्या ह्यांची फोर-बाय-फोर पिकअप मंगळवेढ्याच्या रानातून आली, की गल्लीच्या तोंडापासून ऐकू यायची. तेव्हाची मी म्हणजे मोठी नाटकी बया. आवाज आला, की भाकरी तव्यावर तशीच टाकून आरशापुढं पळायची, कुंकू नीट करायची आणि हे दारात येईपर्यंत पुन्हा परातीपुढं मान खाली घालून बसायची, जणू कोण आलंय याची मला खबरच नाही. नाकाला पीठ मात्र तसंच असायचं. हे बघून हसायचे. मला वाटायचं, रूपावर भाळलेत.

हे गेल्यापासून पिकअप पत्र्याच्या शेडात उभीच होती. इंजिनिअर नातीनं यंदा तिच्या पेट्रोलच्या इंजिनाला बॅटरी आणि मोटर जोडून तिची हायब्रीड केली. पहिल्यांदा गल्लीत आणली, तर मला कळलंच नाही. गाडी दारात आणि मी आत भाकरी थापतेय.

"बंद पडली म्हणून ढकलत आणलीस व्हय गं?"

"आज्जी, हळू चालताना ती नुसती बॅटरीवर चालते. आवाजच नाही."

"मग इंजिन काय शोभेला ठेवलंस?"

"हायवेला वेग घेतला की चालू होतं की."

"मग मला हायवेला ने."

मोडनिंबच्या अलीकडं तिनं वेग वाढवला आणि बॉनेटखाली ती जुनी घरघर सुरू झाली. माझा हात आपसूक कुंकू नीट करायला गेला. कपाळ मोकळं होतं.

"ऊन लागतंय का, आज्जी?"

"व्हय, लई लागतंय," मी म्हणाले आणि हात तसाच कपाळावर धरून बसले.