स्टॉपचा निरोप आणि तीन स्क्रीन

“सायबानू, बटण दाबलंय मियां! दोनदा दाबलंय!” बबन काठावरून ओरडला. आमची बिनमाणसाची सर्व्हे बोट थांबली नाही. कमरेइतक्या पाण्यात तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढणाऱ्या त्याच्या वहिनीवर ती सरळ गेली. पंख्याने पोटरी चिरली. पाणी लाल झालं.

मालवणजवळच्या खाडीच्या तळाची मापं घ्यायची होती. सॉफ्टवेअर माझं. ओहोटीला बायका शिंपल्या काढायला उतरतात, म्हणून बबन या मच्छीमाराला स्टॉपचं बटण देऊन नजर ठेवायला घेतलं होतं. अपघाताच्या जरा आधीच तो वहिनीला चिडवत होता, “गो वयनी, बाजूक हो, ह्या होडयेत माणूस नाय!”

“मगे तुका कित्याक ठेवल्यानी रे?” ती हसली होती.

संध्याकाळी पुण्याहून बॉसचा फोन. “कारण एका ओळीत सांग.”

“ऑपरेटरने बटण उशिरा दाबलं.” लॉग, म्हणजे बोटीने ठेवलेली नोंद, न बघताच बोललो. बबनचं काम गेलं. सख्खा भाऊ त्याच्याशी बोलेना.

तिसऱ्या दिवशी लॉग उघडला. बटण वेळेवर दाबलं होतं. बोटीला निरोप पोचला नऊ सेकंदांनी.

आमची पद्धत पब्लिश-सबस्क्राइबची. बोट कॅमेऱ्याचं चित्र एका नावाने, म्हणजे ‘टॉपिक’वर, पाठवते, ज्याने ते नाव मागितलं त्याला ते मिळतं. वाटतं, एकदा पाठवलं की सगळ्यांना दिसलं. पण आमच्या वाय-फायवर प्रत्येक स्क्रीनला वेगळी प्रत जायची. त्या दिवशी पाहुणे आले, म्हणून मी आणखी दोन स्क्रीन लावले. व्हिडिओ कॉम्प्रेस न केलेला. ओझं तिप्पट. त्या गर्दीत स्टॉपचा एवढासा निरोप हरवत राहिला, पुन्हा पुन्हा जात राहिला. संपर्क तुटला तर बोटीने आपणहून थांबावं, ही सोयही मी ‘नंतर करू’ म्हणून ठेवलेली.

आठ महिने गप्प बसलो. मग बॉसला लॉग पाठवला आणि बबनच्या घरी गेलो. भावासमोर, वहिनीसमोर सगळं सांगितलं. ती लंगडत उठून आत गेली. भाऊ खाली मान घालून बसला.

बबन म्हणाला, “माकाय वाटाक लागलेला, माझोच हात मागे पडलो आसतलो.”

आता स्टॉपला वेगळा रेडिओ आहे. संपर्क तुटला की बोट आपोआप थांबते. या दोन्ही गोष्टींना मिळून मला दोन दिवस लागले.