काकीच्या खाचरातून सुटका

आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगते. आता दुपारी मुरबाडला इतिहासाचा शेवटचा पेपर आणि सकाळी मी शेजारच्या काकीच्या खाचरात गुडघाभर चिखलात, हे मात्र विचारल्यावरच सांगते.

परीक्षा लांबत लांबत आवणीत येऊन पडली होती. भात लावायच्या या दिवसांत आमच्याकडे माणसाला माणूस द्यावं लागतं. काकी आमच्या शेतात राबून गेलेली, आई तापाने पडलेली, म्हणून मी. थोडं लावायचं आणि टोकावड्याकडून येणारी एसटी धरायची, असं ठरलं होतं.

हातात रोपांची मूठ, डोक्यात प्राचीन जगातली गुलामगिरी आणि तिचे कायदे. मोठ्याने म्हटल्याशिवाय माझं पाठ होत नाही.

"बॅबिलोनमध्ये गुलाम मालकाला 'तू माझा मालक नाहीस' म्हणाला, तर त्याचा कान कापत."

"मग उद्या हाक मारली तर ऐकंल कसा तो?" बाजूची वहिनी म्हणाली.

"पळालेल्या गुलामाला लपवलं, तर लपवणाऱ्याला देहदंड."

"म्हणजे तुला नेणारा एसटीचा ड्रायवर मेला गो!"

बाया हसायच्या, पण हात चालू. मी कलम म्हटलं की माझा हात बंद. लावताना मागे पडलेल्या बाईला आमच्याकडे कोंडतात, म्हणजे तिच्या चारी बाजूंनी रोपं लावून टाकतात. मान वर केली तर मधे चिखलाचं डबकं, डबक्यात मी आणि भोवती सगळं हिरवं. लावलेल्या भातावर पाय देऊन बाहेर पडायची पद्धत नाही. सोडायचं ते शेताच्या मालकिणीने.

"काकी, एसटी जाईल!"

"तुझ्या कायद्यात गुलाम सुटतो का नाय? ते सांग, मग सोडते."

"सुटतो ना! कर्जापायी राबणारा तीन वर्षं राबतो, चौथ्या वर्षी मोकळा."

"मग काढू तुला चौथ्या वर्षी."

तेवढ्यात वळणावर एसटीचा हॉर्न वाजला. मी घाबरून डोक्यात आलं ते कलम ओरडले, "गुलाम बाईला मालकापासून मूल झालं, तर मालक मेल्यावर ती आणि मूल दोघंही मोकळी!"

सगळे हात थांबले. सगळ्या माना बांधाकडे वळल्या. बांधावर काका विडी ओढत बसले होते. त्यांनी विडी तोंडातून काढली.

"मी काय केला?"

"अगो, सवत पण तूच व्हतेस आणि माझा कुंकू पण तूच पुसतेस?" काकी कडाडली. वहिनी हसता हसता चिखलात बसली, ती उठेना. काकीने आपल्या हाताने रोपं उपटून मला वाट करून दिली. "जा बाय, दे परीक्षा. आणि आईचा ताप उतरला की तिलाच पाठव. तू येऊ नको!"

मी पळत सुटले. ड्रायव्हरने पायांकडे बघून कपाळाला हात लावला, पण गाडी थांबवली.

पेपरात प्रश्न आला, 'प्राचीन काळी गुलामांच्या मुक्तीचे मार्ग स्पष्ट करा.' मी नखांतल्या चिखलासकट सगळे मार्ग लिहिले. मालकिणीला वेळेवर घाबरवणे हा मार्ग मात्र गाळला, कारण तो कुठल्याच पुस्तकात नव्हता. पास झाले. तो लिहिला असता तर फर्स्ट क्लास आला असता, असं माझं आजही मत आहे.