केंदूरच्या गाडीची उंची

गॅरेजवाल्याला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. ते गाडीच्या चिखलाबरोबर आपोआप येतात आणि धुतले तरी जात नाहीत. शिरूरला आमचं सस्पेन्शनचं काम चालतं. गाड्या उंच करायच्या, टायर मोठे बसवायचे. मुन्ना फिटर हात चालवतो आणि मी तोंड! बाकीच्यांचे किस्से चहाच्या कपाबरोबर संपतात, पण केंदूरच्या विलासरावांच्या डबल केबिन पिकअपचे काही संपत नाहीत. म्हणून आज तेवढेच सांगतो.

*

विलासराव पहिल्यांदा आले ते सगळं घर घेऊन. वडील आबा, बायको सुनंदावहिनी आणि नुकतीच शाळेत जायला लागलेली लेक परी. त्यांची वस्ती उसाच्या मधोमध, आणि शाळेची बस थांबते पार डांबरी रस्त्यावर. त्यात शेजारच्या वस्तीवरून बिबट्यानं भरदिवसा कालवड उचललेली.

"टू-व्हीलरवर पोरीला न्यायला जीव धजत न्हाई," विलासराव म्हणाले. "जमिनीपासनं जेवढं वर बसवता यील तेवढं बसवा. करा चार इंच लिफ्ट!"

मी समजावलं, घरच्या गाडीला दोन इंच पुष्कळ झाले. जास्त उचलली की वळणावर डोलते. विलासराव ऐकेनात. शेवटी आबाच भडकले, "आन् मी काय शिडी घिऊन हिंडू व्हय?"

मग आम्ही टायर एकावर एक रचले आणि आबांना पाय टाकायला लावला. जिथं "आई गं" निघालं, त्याच्या जरा खाली थांबलो. तीन इंच! लिफ्ट किटवाले इंजिनिअर काय काय गणितं करत असतील, आमच्याकडे उंची आबांच्या गुडघ्यानं ठरली.

*

मग टायर. विलासरावांना तेहतीस इंची हवे होते. मी म्हटलं, "स्टेअरिंग पूर्ण वळवलं की मडगार्डला घासतील. एकतीसचे घ्या." दौंडला एका ओळखीच्या दुकानात एकतीसचे मड टायर, चिखलात चालणारे खोल खाचांचे, मिळाले. तिथंच बसवले आणि सगळे त्याच गाडीनं केंदूरला निघालो.

आता मड टायरला डांबरावर आवाज असतोच. एकसारखी घुरघुर चालते. परी मागून म्हणाली, "पप्पा, गाडी गुरगुरती." आम्ही सगळे हसलो.

वस्तीवर पोचलो. त्यांची कुत्री म्हणजे पोस्टमनलाही न सोडणारी. त्या दिवशी एकही भुंकलं नाही. शेपट्या पायांत घालून गोठ्यामागं गेली ती गेलीच.

"नव्या टायरचा वास आवडला नसंल," विलासराव म्हणाले.

मुन्ना खाली वाकून बघत होता. उठला आणि म्हणाला, "सेठ, कुत्ते टायर को नहीं देख रहे थे. गाडी के पीछे देख रहे थे!"

*

परीला बसपर्यंत सोडायला रोज गाडी निघायची. पुढच्या सीटवर आबा, राखणदार म्हणून. उंच बसल्यामुळं त्यांना उसाचे शेंडे लांबपर्यंत दिसायचे.

एक दिवस वाऱ्याचा मागमूस नाही आणि डाव्या हाताचे शेंडे हलतायत. एकच रेघ, गाडीच्या बरोबरीनं. विलासरावांनी गाडी पळवली, रेघही पळाली. त्यांनी कचकन ब्रेक मारला, तशी रेघही जागच्या जागी थांबली.

आबांनी आपल्या बाजूची काच वर केली. मग आबा म्हणाले, "ब्रेक चांगलं हायती."

"नवीनच टाकल्यात, आबा."

"आपलं न्हाई रं. त्येचं!"

*

एकदा विलासरावांनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. नुकत्याच भिजवलेल्या वाटेवर टायरचा ठसा, आणि खाली मेसेज, "टायर कडेनं खातोय का?" झीजबीज काही नव्हती, टायर झकास होता. पण त्या रुंद पट्ट्याच्या आत, अगदी मधोमध, गोल पावलं उमटली होती. नखं कुठं दिसत नव्हती. म्हणजे कुत्रं नाही.

मी लगेच फोन लावला. वहिनींनी उचलला. त्यांना ते आधीच दिसलं होतं.

"भाऊ, अंगणापतुर आल्याली पावलं हायती," त्या म्हणाल्या. "माघारी गेल्याली काय सापडंनात." मी म्हटलं, आधी वनखात्याला कळवा.

मग उसाच्या कडेला पिंजरा लागला, आत बकरी बांधली. परीचं एकटीनं अंगणात उतरणं बंद झालं. पण पिंजऱ्याकडे कुणी फिरकलंच नाही. उलट खाऊन खाऊन बकरीच जाड झाली!

*

लिफ्ट केलेली गाडी थोडी चालली की तिचे बोल्ट पुन्हा आवळावे लागतात. विलासरावांना शिरूरला यायला सवड होईना, म्हणून पाने-पकडी घेऊन मीच केंदूरला गेलो. भर दुपार. विलासराव मोटर चालू करायला गेलेले, वहिनी स्वयंपाकघरात, आबा ओट्यावर डुलक्या घेत होते. पिकअप अंगणाच्या टोकाला, उसाला लागून उभी.

गाडी एवढी उंच की जॅकही लागला नाही. गोणपाट अंथरलं आणि उसाकडे पाय करून कमरेपर्यंत आत सरकलो. खाली मस्त गारवा होता. माती बसून बसून खोलगट झाली होती, माझी पाठ तिच्यात अगदी नीट बसली.

दोन बोल्ट आवळले तेवढ्यात अंगणाच्या बाजूनं परी येऊन उकिडवी बसली. मान वाकडी करून आत बघायला लागली.

"काय परीबाई, आज शाळा नाही?"

"सुट्टी हाय." मग म्हणाली, "काका, तुमी उठा ना."

"का गं?"

"तिची झोपायची येळ झालीया. आन् तुमी तिच्या जागंवर झोपलाय."

"कुणाच्या?"

परी माझ्याकडे बघतच नव्हती. ती बघत होती गाडीबाहेर, माझ्या पायांकडे. मी हातातला पाना हळूच मातीत ठेवला.

परीनं ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाली, "पाय हलवू नका. माझ्याकडनं सरकत सरकत या. मी असले की ती काय करत न्हाई."