घुंगरांच्या घरातली इंग्रजी कॅसेट
रिठ्याच्या पाण्याचा वास आला, की मला हुपरीच्या आमच्या घराचा सोपा, म्हणजे पुढची पडवी, आठवते, आणि तिथं मोठ्यानं वाजणारी एका इंग्रजी रॉक बँडची कॅसेट. कॉलेजातून आले, की मी सोप्यात बसून चांदीच्या पैंजणांना घुंगरू जोडायची आणि आई ती पैंजणं रिठ्यानं घासून उजळायची. कॅसेट मी कोल्हापुरातून आणली होती. शब्द निम्मेही कळत नव्हते, पण कुणीतरी माझ्या वतीनं ओरडतंय, एवढं नक्की कळायचं. एकदा माल न्यायला आलेला, कोल्हापूरच्या गुजरीतल्या सराफ बाजारातला व्यापारी दारातच थबकला आणि वडलांना म्हणाला, "पोरीच्या जातीला शोभतंय व्हय ह्ये? बंद करा की!" आमचं सगळं काम त्याच्याकडनंच यायचं, त्यामुळं वडील टेप बंद करायला उठलेच. मी हातातला चिमटा व्यापाऱ्यापुढं धरला. म्हटलं, "शेठ, ह्या गाण्यावर माझा हात चालतोय. बंदच करायचं असंल तर ऱ्हायलेले घुंगरू तुम्ही जोडा." आणि टेपचा आवाज आणखी वाढवला. आईचे हात रिठ्यात तसेच थांबले. वडलांनी एकदा माझ्याकडं, एकदा त्याच्याकडं बघितलं आणि परत खाली बसले. "टेका जरा, शेठ," ते म्हणाले. "कॅसेट संपली की माल देतो." उरलेली चार गाणी तो तिथंच बसून ऐकत राहिला. तो टेप कधीच मोडीत गेला, पण 'तुला हे शोभत नाही' असं कुणी म्हटलं, की माझा हात अजून आवाज वाढवायलाच जातो.