चूक पकडायची नाही असा तास

मला शिकवता येतं की नाही, हे मला आता कळेनासं झालंय. आधी कळत होतं. बी.एड. करायच्या आधी कोणी विचारलं असतं तर मी छातीठोक सांगितलं असतं, येतं म्हणून. पोरं शिकत होती, त्यांचे आईबाप बाजारात थांबवून दोन शब्द बरे बोलत होते, अजून काय पाहिजे बाप्पा? आता रीतसर पदवी हातात आहे आणि वर्गात शिरताना मी दारात थबकते. लोकांचं शिकून शहाणपण वाढतं, माझंच असं उलटं काऊन झालं, ते सांगून पाहते.

नालवाडीच्या बाजूला आमची लहानशी खाजगी शाळा आहे. माझं माहेर हिंगणघाटचं. बी.एस्सी. झाले, लग्न होऊन इकडे आले, शाळेला गणिताची मॅडम हवी होती, मी लागले. बी.एड. आहे का असं तेव्हा कोणी विचारलं नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी संस्थेनं निरोप दिला, की बी.एड. नसलेल्यांना आता ठेवता येणार नाही, करा नाहीतर घरी बसा. घरी बसायचा माझा स्वभाव नाही. सासूबाईंचाही माझ्या घरी बसण्याला सक्त विरोध होता, कारण मी घरी असले की त्यांनाही शिकवते. म्हणून या वयात दप्तर घेऊन वर्ध्याच्या कॉलेजात जाऊन बसले.

आता माझ्या शिकवण्याची रीत आधी सांगायला हवी, कारण सगळं रामायण तिच्यापायी झालं. रोजच्या तासाला मी फळ्यावर एक चूक मुद्दाम करायची. कुठे, कधी, ते सांगायचं नाही. जिला किंवा ज्याला ती दिसेल त्यानं बाकावर थाप मारायची आणि ओरडायचं, "पकडली!" मग त्यानं पुढे येऊन माझ्या हातचा खडू घ्यायचा, चूक दुरुस्त करायची, आणि मी मुकाट्यानं त्याच्या जागेवर जाऊन बसायचं. गोंगाट इतका, की शेजारच्या वर्गाच्या मॅडम दार लावून घ्यायच्या. कधी कधी मी खरीच चुकायचे. ते पोरांना कळायचं नाही, आणि मी कशाला सांगते? खडू देऊन गुमान बसायचे. चुकायची भीती ना मला होती, ना त्यांना.

पाचवीत एक मुलगी होती, या खेळातली एक नंबरची. तिचा बाप स्टेशनवर ऑटो चालवतो, आई दवाखान्यात साफसफाईच्या कामावर आहे. पोरगी बुटकी, आवाज मात्र पार गेटापर्यंत. माझा हात फळ्यावरून उठायच्या आत हिची थाप पडायची. "मॅडम, आज लवकर पकडली, जरा अवघड चुका ना!" असं मला सुनवायची. मला तिचा राग यायचा आणि तिच्यावाचून करमायचंही नाही.

कॉलेजात मात्र माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. तिथे आधी आम्ही एकमेकांसमोरच पाठ घ्यायचो. म्हणजे पोरंबाळं असलेल्या आम्ही बाया चौथीतली मुलं होऊन बसणार आणि आमच्यातलीच एक आम्हाला बेरीज शिकवणार. उत्तर आलं की "शाब्बास", "छान", "फारच सुंदर", असं कौतुक बदलून बदलून करायचं, त्याला वेगळे गुण. मी एकदा नुसतं "हं, बस खाली" म्हटलं तर गुण गेले. अगं पण माझ्या वर्गात "हं" म्हटलं की पोर फुशारून जातं, ते कोणाला सांगणार?

माझ्या खेळाबद्दल मी पद्धती शिकवणाऱ्या मॅडमना विचारलं. त्या एकदम गंभीर झाल्या. म्हणाल्या, "फळ्यावर चुकीचं कधीही लिहायचं नाही. तेच मुलाच्या मनात ठसतं." मला पटलं. मी घाबरलेच, म्हटलं इतकी वर्षं मी काय काय ठसवून ठेवलं असेल! दुसऱ्या दिवशी मानसशास्त्र शिकवणाऱ्या सरांनी तासाला सांगितलं, "मूल चुकीतूनच शिकतं, चुकीला वर्गात मान द्या." तेही पटलं. मी सरांना गाठलं, खेळ सांगितला. ते खूश झाले. "फार छान! पण वार्षिक पाठाला मात्र करू नका हं." काऊन, तर म्हणे तो पाठ परीक्षेचा, बाहेरच्या परीक्षकांना ते समजेलच असं नाही. म्हणजे चांगलं आहे, पण दाखवण्यासारखं नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी कोणाचं ऐकावं?

सरावासाठी मला माझीच शाळा मिळाली. तेव्हा तर आणखी गंमत. तोच वर्ग, तीच पोरं, मी मात्र इस्त्रीची साडी नेसून, भाकरीसारखे गोल कापलेले रंगीत कागद हातात घेऊन, "विद्यार्थी मित्रांनो, सकाळी आई ताटात काय वाढते बरं?" असं गोड आवाजात विचारू लागले. कोणी उत्तरच देईना. शेवटी ती बुटकी उभी राहिली. "मॅडम, तुमाले बरं नाई का?"

"बरं आहे. काय झालं?"

"मंग तुमी अशा काऊन बोलून राह्यल्या?"

सगळा वर्ग हसला, मीही हसले, आणि मागे बसलेल्या कॉलेजच्या मॅडमनी "वर्गनियंत्रण" या रकान्यात काहीतरी खरडलं. त्या दिवशी मी पोरांना बसवून खरं काय ते सांगितलं. माझी परीक्षा आहे, पास झाले नाही तर मला इथे शिकवता येणार नाही, म्हणून थोडे दिवस असं बोलावं लागेल. पोरांनी माना डोलावल्या. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं का? मला अजून ठरवता येत नाही.

वार्षिक पाठाच्या आदल्या दिवशी सुट्टी व्हायच्या आधी मी वर्गाला बजावलं, "उद्या पाहुणे येतील. गडबड नको, थापा नको, ओरडणं नको. उद्या चूक पकडायची नाही. उद्या मी चुकणारच नाही."

"अन् चुकल्या तं?" बुटकीनं विचारलं.

"चुकणार नाही म्हटलं ना!" मी खेकसले. जिभेला हाड नसतं म्हणतात ते काही खोटं नाही.

पाठ होता अपूर्णांकांचा, लहान कोणता आणि मोठा कोणता. मुद्दाम घेतला, कारण तो माझ्या हातचा मळ. कागदाची एक भाकरी चौघांत वाटली, तेवढीच दुसरी आठ जणांत वाटली, कोणाचा तुकडा मोठा? पोरांनी हात वर करून, एकेकट्यानं, पूर्ण वाक्यात उत्तरं दिली. चतुर्थांश मोठा, अष्टमांश लहान. मी प्रत्येकाला वेगवेगळं शाब्बास म्हटलं. परीक्षक मागच्या बाकावर मान हलवत होते. माझ्या बाजूनं सगळं तुपात लोळत होतं.

मग मी निष्कर्ष फळ्यावर लिहिला. एक चतुर्थांश, एक अष्टमांश, मध्ये लहान-मोठ्याचं चिन्ह. चिन्हाचं उघडं तोंड मोठ्या घासाकडे, हे मीच पोरांना शिकवलेलं. रंगीत खडूनं त्याला सुबक चौकट केली, फळ्यावरच्या अक्षराला गुण असतात म्हणून. वळले तर बुटकीचा हात बाकावरून वर उठलेला. शेजारणीनं तो खाली ओढला.

"काय गं, काही विचारायचंय?" मी गोड आवाजात म्हटलं.

ती उठली. माझ्याकडे पाहिलं, मागे परीक्षकांकडे पाहिलं.

"काही नाही मॅडम. समजलं."

पूर्ण शुद्ध भाषेत. मी म्हटलं, "फारच सुंदर. बस."

पाठ संपला. परीक्षक, कॉलेजच्या मॅडम, आमचे मुख्याध्यापक असे सगळे पोहे खायला ऑफिसात गेले. मी कागदाच्या भाकऱ्या गोळा करत होते तोच पोरांनी मला गराडा घातला. सगळ्यांची तोंडं आनंदानं फुललेली.

"मॅडम, आमी सांगतलं नाई!"

"काय सांगितलं नाही?"

बुटकीनं फळ्याकडे बोट केलं. चौकटीतल्या चिन्हाचं तोंड अष्टमांशाकडे उघडं होतं. रंगीत चौकटीत, ठसठशीत.

"मले तं तवाच दिसलं," ती म्हणाली, "पण तुमची नोकरी गेली असती ना."

माय वं! तिला जवळ घ्यावं की तिच्यावर ओरडावं? माझ्यावर एवढी माया कोणी केली होती? आणि एवढं वाईट मी तिला कधी काय शिकवलं होतं? मला रडू आलं, आणि पोरांना वाटलं मॅडम आनंदानं रडून राह्यल्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी तशीच ऑफिसात गेले. मनाशी म्हटलं, जायची ती नोकरी जाऊ दे. "सर, माझी फळ्यावर चूक झाली. चिन्ह उलटं पडलं."

परीक्षकांनी चमचा खाली ठेवला. "अस्सं? मला तर काही दिसलं नाही. मुलांनी काढली का शंका?"

"नाही सर, पण त्यांना..."

"मग झालं तर! वर्गानं शंका काढली नाही म्हणजे संकल्पना स्पष्ट होती. तुम्ही उगीच मनाला लावून घेता. वर्ग काय शिस्तीत होता हो! असा वर्ग क्वचित पाहायला मिळतो."

कॉलेजच्या मॅडम माझ्याकडे पाहून हसल्या आणि पोह्यांची बशी पुढे केली. मी पोहे खाल्ले. काय करणार होते? त्यांना खेळ समजावून सांगायला बसले असते तर पहिलं वाक्य कोणतं म्हणायचं हेच मला सुचेना. मला त्या पाठाला इतके चांगले गुण पडले, की कॉलेजात इतरजणी माझा आराखडा मागायला आल्या.

त्यानंतर आम्ही सगळ्या शिक्षकांनी मिळून हे बोलून पाहिलं. शेजारच्या वर्गाच्या मॅडम म्हणाल्या, "लेकरांनी वेळ ओळखली, शहाणी झाली, त्यात काय वाईट?" मुख्याध्यापक म्हणाले, "शिस्त लागली, बरंच झालं." घरी नवरा म्हणाला, "तूच त्यांले सांगतलं चूप बसा म्हणून, अन् तूच आता डोक्शाले हात लावून बसली." तिघांचंही मला खरं वाटलं, आणि तरी कोणाच्याच बोलण्यानं मन निवलं नाही.

पाठ झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मी साधी सुती साडी नेसून, जुन्या आवाजात वर्गावर गेले. म्हटलं, चला, पुन्हा आपलं आपलं सुरू. फळ्यावर गुणाकार लिहिला आणि हातचा मुद्दाम विसरले. थांबले. थाप नाही. वाटलं, अवघड गेलं असेल. मग सोपी चूक केली, बेरजेत. चूप. सगळी पोरं हाताची घडी घालून माझ्याकडे पाहत होती, नीट, शिस्तीत. शेवटी मी सात पाचं चाळीस लिहिलं आणि खडू हातात धरून उभी राहिले.

बुटकी जागेवरून उठली. पुढे आली नाही. दाराशी गेली, मान बाहेर काढून वऱ्हांड्यात दोन्हीकडे पाहिलं, आणि परत येऊन माझ्याजवळ उभी राहिली.

"कोणी येऊन राह्यलं का, मॅडम?"

"नाही गं. कोणी नाही."

तिनं आणखी एकदा दाराकडे पाहिलं. मग माझ्या हातातला खडू घेतला आणि माझ्यापुरतंच ऐकू येईल इतक्या हळू म्हणाली, "पकडली."